मेणावरची हाक

आमच्या भाषाशास्त्राच्या खात्यानं तेव्हा काय मोठं संशोधन केलं, असं कुणी विचारलं की मी भिंतीवरच्या नकाशाकडं बोट दाखवते. बेळगाव, खानापूर, लोंढा, चिकोडी, निपाणी, सदलगा, सगळं आहे त्यात. कुठल्या गावात कुठला शब्द चालतो आणि कुठल्या ओढ्यापलीकडं तो बदलतो, हे निळ्या-तांबड्या रेघा मारून दाखवलंय. विलायतेतल्या नियतकालिकात तो नकाशा छापून आला तेव्हा सरांना हार घातले होते. मीही टाळ्या वाजवल्या. पण निपाणी आणि सदलग्याच्या मधोमध त्यात एक बारका ठिपका आहे. त्याच्यावर नजर पडली की माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही येतो. शिकलीसवरली बाई आहे म्हणून काटा यायचा थांबत नाही.

मी बेळगावची. वडील कोर्टात वकील. घरात मराठी, स्वैपाकाच्या बाईंशी कानडी, आणि अशिलांशी ज्याची जी असेल ती. एम.ए.साठी पुण्याला गेले तेव्हा तिथल्या मुली माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या. ‘मी जातो की’ असं तोंडातून निसटलं की खिदळायच्या. आमच्या भागात बायकासुद्धा ‘मी जातो’ म्हणतात, हे त्यांच्या गावी नव्हतं. एकीला मी सुनावलंही, “तुमची भाषा साजूक तूप, आणि आमची काय डालडा?” तेव्हापासून ती माझ्याशी जपून बोलायला लागली.

सर मात्र कधी हसले नाहीत. उलट मी बोलायला लागले की ते हातातलं काम थांबवायचे. सर म्हणजे आमच्या खात्याचे प्रमुख. परदेशात शिकून आलेले, पण चहा बशीत ओतूनच पिणारे. दक्षिणेकडच्या बोलींची पाहणी त्यांनी हाती घेतली होती आणि त्यात मला ओढलं. खेड्यातल्या बायका परक्या पुरुषापुढं तोंड उघडत नाहीत, आणि ही पोरगी त्या मुलखात हरवणार नाही, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

सरांना वेड होतं ते हेलाचं. आमच्या सीमेवरच्या मराठीला एक हेल आहे, वाक्य शेवटाला ओढत नेऊन सोडायची एक तऱ्हा. “शब्द कागदावर उतरतात हो,” सर म्हणायचे, “हेल उतरत नाही. तो मेणावरच उतरतो.” म्हणून आमच्याकडं एक यंत्र होतं. किल्ली द्यायची, भोंग्यात बोलायचं, की सुई मेणाच्या नळीवर आवाज कोरून ठेवायची. सुई बदलून तीच नळी परत लावली की ती बोलायची. खेड्यातले लोक त्याला नुसतं ‘भोंगा’ म्हणायचे आणि आम्हाला ‘भोंगेवाले’. पण मेण ते मेणच. वाजवाल तेवढं झिजणार. त्यात लढाई सुरू झालेली, नव्या नळ्या परदेशातून येणं बंद. मग सरांनी नेमच करून टाकला की कुठलीही नळी एकदाच ऐकायची, लिहून घ्यायची, आणि कापसात गुंडाळून कपाटात ठेवायची. दुसऱ्यांदा कुणी मागितली की ते असे बघायचे, जणू आपण त्यांचं काळीजच मागितलं.

आणि गोष्ट एकच. गावोगावी एकच गोष्ट सांगायला लावायची, म्हणजे बोलींची तुलना करता येते. एका आईला दोन मुलगे. धाकटा रुसून परगावी जातो. तिथं त्याचे हाल होतात. एके दिवशी तो घरी परत येतो, बाहेर उभा राहून आईला हाक मारतो. आई दार उघडते, त्याला जेवायला वाढते. संपली गोष्ट. इतक्या गावांत इतक्या तोंडून ऐकली की त्या रुसक्या पोराचा मला वीट आला होता. कधीकधी वाटायचं, जा बाबा कुठं जायचं तिकडं, येऊ नकोस परत. असलं मनात आणू नये. पण तेव्हा आणायची मी.

बेचाळीसच्या चळवळीआधीचा हिवाळा. निपाणीपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही त्या गावात गेलो. यंत्र वाकळेत गुंडाळून माझ्या मांडीवर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबाखूचे मळे, आणि वाऱ्यावर तो वास. सर शिंकून शिंकून बेजार. गाडीवान म्हणाला, “सायब, निपानीत येऊन शिंकायचं न्हाय तर मग कशाला यायचं?” सरांनी तेही लिहून घ्यायला लावलं.

बोलणारा माणूस निवडायची आमची रीत गावाला फार गमतीची वाटायची. त्याच गावात जन्मलेला पाहिजे, गाव न सोडलेला पाहिजे, आणि दात शाबूत पाहिजेत. दात नसले की उच्चार फसतात. त्यामुळं सर एकेकाला तोंड उघडायला लावायचे आणि पारावरची मंडळी ओरडायची, “बैलं घ्यायला आल्यात रं, जपा!” सगळं गाव बघून झाल्यावर आम्ही एका जैन शेतकऱ्याच्या घरी पोचलो. शेतकरी वारलेला. घर चालवत होती त्याची बायको. उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागले. तिचे दोन मुलगे. थोरला लग्न झालेला, कामाला वाघ आणि बोलायला मुका. धाकटा विशीतला, त्याचं सगळं उलटं. पण दात कसे, मोत्याचे! तंबाखूच्या मुलखात वाढून तंबाखूला शिवलेला नव्हता.

दुपारी अंगणात घोंगडं टाकलं, भोंगा त्याच्यासमोर धरला. इतर लोक भोंग्यापुढं बसले की खांबासारखे ताठ व्हायचे. हा मांडी घालून असा बसला की जणू पारावर गप्पा ठोकतोय.

“येक म्हातारी हुती बघा,” त्यानं सुरुवात केली. “तिला दोन ल्योक. थोरला लई कामाचा. आन् धाकटा माझ्यावानी.”

सगळे हसले. सरांनी ओठावर बोट ठेवलं. तो पुढं सांगत गेला. रुसवा सांगितला, परगावचे हाल सांगितले, त्यात निपाणीच्या वखारीतला एक मुकादमही घातला, जो आमच्या गोष्टीत नव्हता. आणि पोरगा घरी आला तिथं पोचल्यावर हा बसल्या जागेवरून उठला. ‘आईला हाक मारली’ असं नुसतं सांगायचं होतं. त्यानं सांगितलं नाही. घराकडं तोंड केलं आणि मारलीच हाक.

“आयेऽऽऽ!”

रानात काम करणारा माणूस बांधावरून घराकडं मारतो, तशी. खालून उचललेली, वर जाऊन तिथंच रेंगाळलेली, आणि खाली येता येता शेवटाला परत एकदा वर मुरडलेली. तो शेवटचा मुरका मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही. कुत्री भुंकायला लागली, पोरं टाळ्या पिटायला लागली, सगळा एकच गलका झाला. सरांचा चेहरा तर असा उजळला होता! जे दोन वर्षं शोधत होते ते आयतं मेणावर पडलं होतं.

पुण्याला आल्यावर नळी एकदा लावली. हाक संपली तशी सरांनी सुई उचलली, कारण पुढं गलकाच होता, आणि मेण का झिजवावं? हाकेचा चढउतार आम्ही रेघा काढून कागदावर मांडला. त्याच्यावर सरांनी जो निबंध लिहिला त्यानं खात्याचं नाव झालं. कॉलेजनं आम्हाला आणखी एक खोली दिली.

मग आला तो ऑगस्ट. आमच्या भागात तारा तुटल्या, चावड्या जळल्या, पोरं भूमिगत झाली. पाहणी बंद. मी खात्यात बसून नळ्यांची देखभाल करायची. बुरशी लागते मेणाला, म्हणून अधूनमधून प्रत्येक नळी काढून पुसायची. गावांहून बातम्या यायच्या. कुणी पटकीनं गेलं, कुणी तापानं, कुणी लढाईवर. नंदगडची एक ओव्या म्हणणारी आजी गेली. लोंढ्याचा एक रेल्वेवाला गेला. त्यांचे आवाज माझ्या हातात, कापसात. मला भीती वाटायची, सरळ सांगते. संध्याकाळी खोलीत एकटी असले की कपाटाकडं पाठ करून बसवायचं नाही. सरांना एकदा म्हटलं तर म्हणाले, “अहो, मेण आहे ते.” मी म्हटलं, “माणूस तरी काय, मातीच आहे.” दुसऱ्या दिवसापासून ते मला घरी लवकर सोडायला लागले.

लढाई संपली, तुरुंग मोकळे झाले, आणि सेहेचाळीसच्या हिवाळ्यात पाहणी परत सुरू झाली. आता पडताळ्याची फेरी. जुन्या नळ्या घेऊन जायच्या, ज्याची त्याला ऐकवायची, लिहिताना काही चुकलं असेल तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचं. एकदाच ऐकण्याच्या नेमाला सरांनी ही एवढी सूट दिली होती. हाकेची नळी त्यांनी स्वतःच्या कोटाखाली धरून आणली. त्या पोराला भेटायला ते इतके आतुर झाले होते की गाडीतून उतरल्याबरोबर अंगणातूनच ओरडले, “कुठं आहेत आमचे वक्ते? त्यांचा आवाज परत आणलाय म्हणावं!”

अंगणात थोरला भाऊ तंबाखूची पानं बांधत होता. त्याचे हात थांबले.

“त्यो न्हाय,” तो म्हणाला.

“मग केव्हा येईल?” सरांनी विचारलं.

“न्हाय म्हंजे न्हाय, सायब.”

एवढं बोलून त्यानं परत पानं हातात घेतली, पण बांधेना काही. सर तिथंच घोंगड्यावर बसले. मग थोडंथोडं करून त्या मुक्या माणसानं सगळं सांगितलं. धाकटा चळवळीत गेला. नंदगडच्या बाजूला जंगलात काहीजण लपून होते, त्यांच्यात होता. तिथं हिवतापानं धरलं. एक दिवस अंगात ताप असतानाच तो सोबत्याला म्हणाला, मी घरी जातो, आईजवळ पडतो चार दिवस. निघाला. पुढं निपाणीच्या रस्त्याकडेला एका चिंचेखाली मेलेला सापडला. पोलिसांनी बेवारस म्हणून परस्पर माती केली. घरी पत्ताच नाही. दोन वर्षं इकडं ही मंडळी त्याला जिवंत धरून चालली होती. भूमिगतांत ती बातमी पोचली होती, पण घरी ती सोबती तुरुंगातून सुटून आला तेव्हा कळली. पण तो घरी पोचायच्या आधीच वाटेत पडला, की घरापर्यंत येऊन मागं फिरला होता, ते त्या सोबत्यालाही ठाऊक नव्हतं.

मी नळीकडं बघितलं. सरांनी ती कोटाखाली अजून तशीच धरली होती.

आक्का आतून दारात आली होती. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. तिनं मला हातानं खुणावलं आणि माजघरात नेलं. तिथं तिची सून तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठायला लागली, तर आक्का म्हणाली, “बस. तुझ्यापसनं काय लपवायचं हाय?” आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “पोरी, तुमी लोक आवाजाचं शिकल्यात न्हवं? मला येक सांग.”

आणि तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. माझ्या शब्दांत ते मला जमणार नाही.

“त्या साली पटकी आल्ती गावात. रोज मढी. तुला ठावं हाय, साथीच्या दिसात येका हाकंला ओ द्यायची न्हाय. दिस बुडायच्या आत आमचं जेवान झालतं. थोरला राखनीला रानात. मी आन् ही, दोगीच घरात. दिवा लावला आन् मागल्या दारानं हाक आली. येकच. ‘आये’ म्हनून. मी उटलो. हिनं माझा हात धरला, तोंडावर हात ठिवला. म्हनली, आत्ती, मानूस आसंल तर तीनदा हाक मारंल, थांबा. म्या बी म्हनलं, खरं हाय. बसलो दुसऱ्या हाकंची वाट बघत. दुसरी आलीच न्हाय गं.”

ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या बेळगावच्या घरीसुद्धा हेच चालायचं. साथीत काहीतरी दारोदार फिरतं, घरच्याच माणसाच्या आवाजात एकदा हाक मारतं, आणि जो ओ देईल त्याला घेऊन जातं. कोर्टात पुराव्याशिवाय शब्द न मानणारे माझे वडील, पण प्लेगच्या दिवसांत पहिल्या हाकेला तेही बसून राहायचे. अशील बिचारा पावसात उभा राहून घसा फोडायचा.

“मग दोन वर्सांनी त्यो गडी आला आन् म्हनला, तुमचा पोरगा घराकडं निगाला हुता,” आक्का म्हणाली. “तवाधरनं झोप न्हाय मला. लपलेला मानूस दोनदा वरडंल व्हय? पलीकडं पोलीस पाटलाचं घर. येकदाच मारनार की त्यो! मग वाटतं, न्हाय, ती साथीतलीच आसंल. तीबी घरच्याच आवाजात बोलावती. कोन हुतं गं? माझा ल्योक दारातनं उपाशी गेला, का न्हाय गेला? तुज्या त्या भोंग्यात त्याची हाक हाय न्हवं? मला ऐकीव. ती हाक माज्या कानात हाय अजून. दोनी सारखी हाईत का ते मी सांगतो.”

हाकेच्या चढउताराच्या रेघा मी काढल्या होत्या, त्यावर आम्हाला शाबासकी मिळाली होती. त्या सगळ्या विद्येत या बाईसाठी एक अक्षर नव्हतं. आणि हेही मला दिसत होतं की हाक तीच निघाली तर ही बाई उरलेलं आयुष्य कसं काढणार?

मी सरांकडं जायला मागच्या दारानं बाहेर पडले, तर सून माझ्या मागं आली. गोठ्याच्या आडोशाला तिनं माझे दोन्ही हात धरले.

“बाई, भोंगा मोडलाय म्हना. तुमच्या पाया पडतो. त्योच निगाला तर मी ह्या घरात कोन्च्या तोंडानं ऱ्हाऊ? हात माझा हुता वो!”

काय करणार? मला त्या पोरीची कणव आली. माझ्याच वयाची होती. मी परत आत गेले आणि आक्काला म्हटलं, “आक्का, यंत्र बिघडलंय. आज नाही वाजणार.”

ती खाली बसली. मग म्हणाली, “दुरुस्त हुईस्तवर बसतो की मी. मला कुटं जायचं हाय?” आणि पुढं म्हणाली, “तुला खोटं बोलता येत न्हाय, पोरी. वकिलाची लेक आन् येवढं बी शिकली न्हाईस?”

सरांना मी सगळं सांगितलं. आणि भांडलेही. म्हटलं, ऐकवू नका, पाप लागेल. तुम्हाला तुमच्या मेणाची एवढी काळजी असते ना, आज तीच पुढं करा, म्हणा नळी झिजेल. सरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, “आवाज तिच्या मुलाचा आहे. आपला नाही.” आणि स्वतःच यंत्राला किल्ली द्यायला लागले.

उन्हं उतरायला आली होती. त्यांची जेवणं उरकलेली. अंगणात आक्का भिंतीला टेकून बसली. थोरला खांबाजवळ उभा. सून दाराच्या आत, अर्धी दिसणारी, पदराचा बोळा तोंडात. मी आक्काच्या शेजारी बसले. सुई टेकली. खरखर झाली आणि त्या खरखरीतून तो बोलायला लागला.

“येक म्हातारी हुती बघा. तिला दोन ल्योक. थोरला लई कामाचा. आन् धाकटा माझ्यावानी.”

थोरल्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. भोंग्यातली माणसं हसत होती, त्यात कुठंतरी त्याचं हसूही असणार. मुकादम आला, हाल आले, पोरगा घराकडं निघाला. मला वाटत होतं, उठावं आणि ते यंत्र उचलून आडात टाकावं. तुम्हाला सांगते, पुण्यातल्या खोलीत तो आवाज मी ऐकला होता, तेव्हा तो नुसता आवाज होता. इथं त्या अंगणात, त्याच दारासमोर, तो माणूसच उभा होता. फक्त आम्हाला दिसत नव्हता. आक्काचे डोळे मिटलेले. मी तिच्याकडं बघत राहिले, दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती.

“आयेऽऽऽ!”

वर गेली, रेंगाळली, खाली आली आणि शेवटाला मुरडली.

आक्काची मान हळूहळू हलली. “ह्योच,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाजारात आपली म्हैस ओळखावी तसा. “ह्योच हुता. श्येवट असाच वर गेलता.”

आत सून मटकन खाली बसली. मी सरांकडं बघितलं. त्यांचा हात सुई उचलायला पुढं गेला होता आणि तिथंच लोंबकळला होता. उचलायचं सुचलंच नाही त्यांना. त्यामुळं नळी पुढं फिरत राहिली. कुत्री भुंकली, पोरांचा गलका झाला. आणि त्या गलक्याच्या मागून, लांबून, घराच्या आतून आल्यासारखा एका बाईचा खणखणीत आवाज आला.

“ओऽऽ! आलो रं, आलो! घराला आग लागली का काय?”

त्या दिवशीच्या गलक्यात आम्ही कुणीच तो ऐकला नव्हता. मेणावर इतकी वर्षं तो होता आणि पुण्यात नळी लावली तेव्हा आम्ही अलीकडंच सुई उचलली होती.

आक्कानं डोळे उघडले.

“ही कोन गं?” तिनं मला विचारलं.

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. आमच्या खात्यात आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आलेय. दारातून सूनच रडत रडत म्हणाली, “आत्ती, तुमीच की वो! त्या दिशी तुमी भाकऱ्या थापत हुता. हाक ऐकून पिठाच्या हातानं भाईर पळत आलतासा.”

आक्का भोंग्याकडं बघत राहिली. त्या काळ्या तोंडात वाकून बघावं की काय, असं तिला वाटत असावं. मग तिनं सरांना नुसती मान हलवून खूण केली. सरांनी सुई परत मागं नेली.

हाक आली. तिच्या पाठोपाठ, श्वास घेण्याइतकाही वेळ न जाता, ओ आली.

परत लावली. आता खरखर वाढली होती, हाकेचा तो शेवट झिजायला लागला होता. ज्याच्यावर आमचा निबंध उभा होता तोच मुरका डोळ्यांदेखत जात होता. सरांनी थांबवलं नाही. परत लावली. आक्काचे ओठ हलत होते. थोरला येऊन तिच्या पायाशी बसला. हाक पुसट होत गेली, ओ पुसट होत गेली, आणि शेवटी नुसती खरखर उरली, तरी ती ऐकतच होती.

मग तिनं हात लांब करून सुनेला बाहेर बोलावलं. ती येईना. “ये गं,” आक्का म्हणाली, “ये हितं.” सून आली आणि तिच्या मांडीत तोंड घालून हमसायला लागली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

“येकदा तरी ओ दिल्ती गं मी,” ती सुनेला म्हणाली, “आन् लगीच दिल्ती.”